३० वर्षं शेडमध्ये पडलेली अ‍ॅम्फीकार, पाण्यात घालायची हिंमत करू का?

शेडमधला_उंदीर

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहितोय. पोस्ट लांबलीये, आधीच सॉरी.

माझ्या मामाची १९६४ ची अ‍ॅम्फीकार ७७० आहे, रस्त्यावर आणि पाण्यातही चालणारी जुनी जर्मन गाडी. म्हणजे होती म्हणायला पाहिजे, कारण मामा दोन वर्षांपूर्वी गेला आणि मामी म्हणाली, एकतर तू घेऊन जा नाहीतर मी भंगारवाल्याला फोन करते, मला शेड मोकळी हवीये. मग काय, आणली उचलून. चारही चाकं जाम होती, ट्रेलरवर चढवायला चौघं जण आणि एक विंच लागली, तेवढ्यात पुढच्या सीटखालून उंदराचं अख्खं बिऱ्हाड बाहेर पडलं (युजरनेम तिथूनच).

मी सात वर्षांचा असताना मामाने मला मागच्या सीटवर बसवून गाडी रॅम्पवरून थेट तलावात घातली होती, आणि घालताना "अरे ब्रेक लागत नाहीयेत रे!" असा ओरडत होता. मला अजून तो क्षण आठवतो, बॉनेट खाली गेलं, काचेवर पाणी उडालं, आणि मग एकदम सगळं शांत आणि गाडी डुलतेय. मी रडत होतो आणि मामा हसून हसून बेजार. त्यानंतर थोड्याच वर्षांत ती शेडमध्ये गेली ती गेलीच, साधारण ३० वर्षं झाली.

आता गाडीची अवस्था सांगतो. रंग लाल, वरून बघितली तर फार वाईट नाही. वरचं कापडी हुड फाटलंय. इंजिन जाम, पुली हाताने फिरत नाही. गिअरचे दोन दांडे आहेत त्यातला रस्त्याचा हलतो, प्रोपेलरचा अजिबात हलत नाही. प्रोपेलर दोन्ही जागेवर आहेत पण एकाच्या पात्याचा टवका उडालाय. फरशीचा पत्रा वरून बघितला तर ठीक वाटतो, पण मागच्या सीटच्या मागे आणि डाव्या दाराखाली फायबरग्लासचे जाड थर दिलेत. मामीच्या म्हणण्याप्रमाणे शेडमध्ये ठेवायच्या आधी मामाने एका गॅरेजमधून "पूर्ण रिस्टोर" करून घेतली होती. त्या गॅरेजवाल्याने काय रिस्टोर केलं देव जाणे.

प्रश्न असे की, सुरुवात इंजिनापासून करू की बॉडीपासून? फायबरग्लास वॉटरप्रूफच असतं ना, मग ते तसंच ठेवलं तर चालेल का? आणि मुख्य प्रश्न, ही पुन्हा पाण्यात घालणं शहाणपणाचं आहे का, की नुसती रस्त्यावर चालवून समाधान मानू? घरात दोन तट पडलेत, पोरांना पाणी हवंय आणि बायको म्हणते तुझा इन्शुरन्स आधी दाखव.

वेल्डिंग मला जेमतेम येतं. बाकी नट-बोल्ट खोलायला घाबरत नाही.

---

पत्रा_आणि_प्राइमर

आधी अभिनंदन. एकूण ३,८७८ च बनल्या होत्या, त्यातली एक भंगारातून वाचवलीस म्हणजे पुण्याचं काम केलंस.

आता कडू बोलतो. बॉडी आधी, बॉडी नंतर, आणि मग उरलेला वेळ बॉडी. साध्या जुन्या गाडीला फरशीत भोक असलं तर पाय ओले होतात, तुझ्या गाडीला भोक असलं तर गाडी तळाला जाते, एवढाच फरक. ही गाडी म्हणजे स्टीलचा हल (बोटीचं बाहेरचं कवच) आहे ज्याला चाकं लावलीत. इंजिन काय, आज ना उद्या कोणीतरी चालू करून देईल.

फायबरग्लास सगळं काढ. सगळं म्हणजे सगळं. वॉटरप्रूफ असतं हे खरं, आणि तोच तर घोळ आहे. खाली गंज असताना वरून थर दिला की पाणी आत अडकतं, बाहेर यायला वाट नाही, आणि पत्रा आतल्या आत गंजत बसतो. वरून बघणाऱ्याला गुळगुळीत दिसतं. माझ्या गाडीत दाराखाली रंगाला वाटाण्याएवढा फुगा होता, म्हटलं टोकरून बघू, तर स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत. मी तिथेच जमिनीवर बसलो होतो पंधरा मिनिटं, काही सुचेना.

वेल्डिंग मशीनला हात लावायच्या आधी दोन टेस्ट कर, खर्च काहीच नाही.

पहिली टेस्ट रात्रीची. कार्पेट, सीट, फरशीवरचं डांबरी शीट सगळं काढ. गाडी भक्कम स्टँडवर घे, खाली झगझगीत दिवा लाव, शेडमधले बाकी दिवे बंद कर आणि तू आत बसून फरशीकडे बघ. जिथे जिथे चांदणी दिसेल तिथे खडूने गोल कर. घाई करू नकोस, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला दहा मिनिटं दे, बारीक चांदण्या उशिरा दिसतात.

दुसरी टेस्ट पाण्याची, पण उलटी. गाडी पाण्यात घालायची नाही, पाणी गाडीत घालायचं. खालून सगळा हल कोरडा पुसून त्यावर खडूची पूड फासायची, ड्रेन प्लग (तळाच्या पाणी काढायच्या भोकाचं बूच) लावायचा आणि आत पाच सेंटिमीटरपर्यंत पाणी भरायचं. त्याहून जास्त नको हं, एवढ्याचंही वजन शंभर-दीडशे किलो होतं, स्टँड त्या हिशोबाने लाव. मग खाली आडवं पडून बघत राहायचं, जिथून पाणी झिरपेल तिथे पुडीवर काळी रेघ ओढली जाते, अगदी केसाएवढी गळतीही सापडते. सांध्यांच्या गळत्या दिव्याने कधीच दिसत नाहीत, त्या इथेच कळतात. एक ध्यानात ठेव, अ‍ॅक्सल आणि प्रोपेलरचे शाफ्ट जिथून बाहेर पडतात तिथली लिप सीलं या टेस्टमध्ये पास झाली म्हणून खूश व्हायचं नाही. ती बाहेरून येणारं पाणी अडवायला बसवलेली असतात, आतून बाहेर जाणाऱ्या पाण्याचं त्यांना काही देणंघेणं नसतं. ३० वर्षांनी ती सगळी सीलं आणि रबरी बूट बदलायचेच, तपासायचं कशाला.

पॅच मारताना गंजका पत्रा चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचा आणि नवीन तुकडा काठाला काठ लावून वेल्ड करायचा. जुन्यावर नवीन चढवून कडेने वेल्ड मारलं की मधे फट राहते, त्या फटीत पाणी राहतं, पाच वर्षांनी तू परत इथे प्रश्न विचारतोयस. सांध्यांवर दोन्ही बाजूंनी सीम सीलर, मग इपॉक्सी प्राइमर, आणि बंद पोकळ्यांत मेणाचा स्प्रे. जेमतेम वेल्डिंग येत असेल तर जुन्या बॉनेटचा तुकडा आणून त्यावर महिनाभर हात बसव, हल ही शिकायची जागा नाही. सँडब्लास्टिंगवाल्याला मोठे सपाट पत्रे देऊ नकोस, जोर जास्त लागला की पत्रा पापडासारखा वाकतो.

---

कार्ब्युरेटर_वाली

पत्रा दादांनी इंजिनाला सावत्र पोर केलंय, पण क्रम बरोबर आहे त्यांचा 😄

उंदीर भाऊ, तुमच्या गाडीतलं सगळ्यात सोपं प्रकरण इंजिनच आहे. ट्रायम्फ हेराल्ड १२०० चं ११४७ सीसी इंजिन, चार सिलिंडर, ३८ हॉर्सपॉवर. ट्रायम्फच्याच पहिल्या स्पिटफायर स्पोर्ट्स कारमध्येही हेच ११४७ सीसी, फक्त कार्बोरेटर दोन. त्यामुळे पिस्टन, रिंग, गॅस्केट, वॉटर पंप यातलं काहीही मिळायला अडचण नाही. बाकीची गाडी जर्मन आणि इंजिन तेवढं इंग्लिश, म्हणून पाने काढताना जरा बघून, मिलिमीटरचा पाना इंचाच्या नटावर "जवळपास बसतो" म्हणून लावाल आणि नटाचे कोपरे गोल कराल.

जाम इंजिन ओढून किंवा स्टार्टर मारून सोडवायच्या फंदात पडू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकात पेनिट्रेटिंग ऑइल सोडा आणि विसरून जा. आठवडाभर रोज थोडं थोडं. मग पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून दोन्ही दिशांना हलकेच झुलवा, जोर नाही लावायचा. कधीतरी संध्याकाळी "टक" होतं आणि एखाद मिलिमीटर सरकतं, त्या दिवशी तेवढ्यावर थांबा. सुटल्यावरही लगेच चालू करायचं नाही, हेड काढून सिलिंडरच्या भिंती बघा, तेल बदला, पेट्रोलची टाकी पुढच्या बॉनेटखाली असते ती उतरवून आतून साफ करा. ३० वर्षांचं पेट्रोल म्हणजे वार्निश झालेलं असतं.

प्रोपेलरचा दांडा हलत नाही म्हणालात, तो जबरदस्तीने ओढू नका प्लीज. गिअरबॉक्सचं तेल आधी काढा आणि रंग बघा. दुधाळ निघालं तर पाणी गेलंय, मग बॉक्स उघडण्याशिवाय इलाज नाही. काळं आणि घट्ट निघालं तर नशीबवान आहात, बहुतेक वेळा बाहेरची लिंकेजच (दांडा आणि बॉक्स जोडणारे दुवे) गंजून धरलेली असते.

---

सहज_टपकलो

मी या गाड्यांतला तज्ज्ञ नाही, फक्त इतिहास वाचतो, म्हणून आगाऊपणा करतो. तुमच्या मामांचा तो "ब्रेक लागत नाहीयेत" वाला विनोद अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन टेक्सासच्या रँचवर पाहुण्यांशी करायचे. निळी अ‍ॅम्फीकार होती त्यांच्याकडे. पाहुण्याला शेजारी बसवायचं, उतारावरून तळ्याच्या दिशेने सोडायची आणि ब्रेक गेले म्हणून आरडाओरडा. तेव्हा मामा चांगल्या संगतीत आहेत.

बाकी गाडीचं नाव ७७० का, तर पाण्यात ७ नॉट आणि रस्त्यावर ताशी ७० मैल. म्हणजे पाण्यात साधारण १३ किमी आणि रस्त्यावर ११२. हान्स ट्रिपेलचं डिझाइन, हा माणूस १९३० च्या दशकापासून पाण्यात चालणाऱ्या गाड्याच बनवत होता, दुसरं काही सुचतच नसावं. १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या शोमध्ये लोकांसमोर आणली. बहुतेक गाड्या अमेरिकेतच गेल्या आणि १९६८ च्या तिथल्या नवीन नियमांनी उरलासुरला धंदाही बसला.

पण खरं सांगू का, मला प्रामाणिकपणे वाटतं की ही गाडी पाण्यात घालू नये. वीस हजार बनल्या असत्या तर गोष्ट वेगळी. ३,८७८ मधली एक तुमच्याकडे आहे, ती पाण्यात घालून झिजवायची कशाला? छान पॉलिश करा, रविवारी फिरवा, लोक फोटो काढतील. आणि बोटीची हौस असेल तर बोट घ्या की राव. ही रस्त्यावर बोटीसारखी चालते आणि पाण्यात गाडीसारखी.

---

पत्रा_आणि_प्राइमर

@सहज_टपकलो, पाण्यात न जाणारी अ‍ॅम्फीकार म्हणजे ३८ हॉर्सपॉवरची, एक टन वजनाची, वळताना झुकणारी एक मंद गाडी. तिच्यात मग ठेवायचं काय?

---

बिल्ज_आजोबा

उशिरा आलो, माफ करा. मी गेली बावीस वर्षं एक चालवतोय, दर उन्हाळ्यात पाण्यात जाते.

सहज टपकलेल्या मित्राला एवढंच सांगतो की ही गाडी पाण्याने मरत नाही, पाण्यातून बाहेर काढल्यावर मालक हात पुसून घरात जातो त्याने मरते. मी बघितलेल्या वाईटातल्या वाईट गाड्या महिनोन्महिने शेडमध्ये कव्हरखाली उभ्या असलेल्या होत्या, शेवटच्या पोहण्याचं पाणी बिल्जमध्ये, म्हणजे हलच्या तळाशी, तसंच. उंदीरबाबा, तुमची पण त्यातलीच असावी.

म्हणून पाण्यात घालायची की नाही हे नंतर ठरवा, आधी स्वतःला विचारा, एक तासाच्या मजेनंतर दोन तास खाली आडवं पडून ग्रीस मारायची तयारी आहे का? पाण्यातले पाच तास झाले की १३ ठिकाणी ग्रीस मारायचं, हे माझं डोकं नाही, कंपनीचंच सांगणं आहे. मी तर प्रत्येक पोहण्यानंतर मारतो, मग ते वीस मिनिटांचं का असेना. गन लावायची आणि जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत दाबत राहायचं. आधी येतं ते पांढरट, दुधाळ, त्यात पाणी मिसळलेलं असतं. मग राखाडी. मग स्वच्छ नवीन ग्रीस दिसलं की पुढच्या निपलवर. बोटींना वापरतात तेच पाण्याला न जुमानणारं ग्रीस घ्या, साधं धुऊन जातं. आणि त्या तेरातलं एक मागच्या सीटखाली आहे, त्यासाठी सीट काढावी लागते. सगळे जण तेच टाळतात आणि तिथलंच बेअरिंग सगळ्यांचं जातं.

आता तयारीचं. जुना बिल्ज पंप आठवण म्हणून ठेवा, कामाला नवीन घ्या, फ्लोट स्विचचा, आपोआप सुरू होणारा. आणि त्याच्याशिवाय दुसरा एक, वायरिंग आणि फ्यूज पूर्ण वेगळा. पंप सुरू झाला की डॅशबोर्डवर दिवा लागेल अशी सोय करा, कारण इंजिनाच्या आवाजात पंपाचा आवाज येत नाही. मी एक छोटी वही ठेवतो, पंप किती मिनिटांनी सुरू झाला एवढंच त्यात लिहायचं. चाळीस मिनिटांनी व्हायचा तो पंचवीसवर आला तर कुठलं तरी सील थकलंय, हे वही आधी सांगते, कार्पेट नंतर. अगदी कोरडी राहणारी अ‍ॅम्फीकार मी तरी पाहिली नाही, थेंबभर येणारच.

पेट्रोलच्या वाफेचं कोणी बोललं नाही म्हणून ठासून सांगतो. ही वाफ हवेपेक्षा जड असते. साध्या गाडीत गळालं तर खाली वाहून जातं, इथे हल म्हणजे बंद परात, वाफ तळाशी साचून बसते आणि स्टार्टरची एक ठिणगी पुरते. पाण्यात जायच्या आधी इंजिनचं झाकण उघडायचं, नाक खुपसून वास घ्यायचा, जरा वेळ हवा खेळू द्यायची, मगच किल्ली. ३० वर्षांचे रबरी होस तर एकही ठेवू नका. आगीचा सिलिंडर हाताशी, मागे डिकीत नाही.

दारांना दोन कुलपं आहेत बघा, एक नेहमीचं आणि दुसरा आतला दांडा, तो ओढला की दार रबरी सीलवर घट्ट दाबलं जातं. पाण्यात जायच्या आधी दोन्ही दारांचा ओढायचा आणि प्रवाशावर विश्वास न ठेवता स्वतः हात लावून बघायचा. रबर नवीन टाकलं तरी दार नीट बसतंय का बघायला फटीत कागदाची पट्टी घालून दार लावा, पट्टी ओढली तर सहज निघता कामा नये. अशी दर हाताच्या अंतरावर.

आणि ड्रेन प्लग. मी तीन वेळा लिहितो. ड्रेन प्लग, ड्रेन प्लग, ड्रेन प्लग. मला वाहवत जायची सवय नाही, सगळं यादीप्रमाणे करतो, तरी सातव्या-आठव्या वर्षी एकदा धुऊन वाळवायला काढलेला प्लग तसाच शेल्फवर ठेवून मी तलावात शिरलो. मधोमध गेल्यावर सॉक्स ओले लागले. मला वाटलं मघाशी पाणी उडालं तेच असेल. मग पंपाचा दिवा लागला तो विझेचना. वळून किनाऱ्याला यायला सहा-सात मिनिटं लागली असतील, पंपाने तेवढा वेळ मिळवून दिला, नाहीतर आज ही पोस्ट लिहायला गाडी नसती. रॅम्पवर चढलो तेव्हा भोकातून नळासारखं पाणी पडत होतं आणि बघणाऱ्यांना वाटलं गाडीची हीच पद्धत आहे, टाळ्या वाजवल्या त्यांनी. तेव्हापासून प्लग काढला की किल्ली त्याच्यासोबत एकाच दोरीत बांधतो. प्लग हातात आल्याशिवाय गाडी सुरूच होत नाही.

---

शेडमधला_उंदीर

बाप रे, एवढ्या मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. आजोबा, ते दोरीचं लगेच करून टाकलं.

अपडेट देतो. रात्रीची टेस्ट केली, मोठी पोरगी आत आणि मी बाहेर दिवा घेऊन. "बाबा, आकाश दिसतंय" म्हणाली. खडूचे एकवीस गोल झाले. पाण्याची टेस्ट करायची वेळच आली नाही, म्हटलं आधी हे बुजवू.

फायबरग्लास ग्राइंडरने काढलं. मागच्या सीटमागे थराच्या आत पिवळा फोम भरलेला निघाला, फुगवून भरतात ना तो, आणि तो पिळला तर पाणी निघालं हो! ३० वर्षं कोरड्या शेडमध्ये उभी गाडी आणि फोम ओला. मागचा पत्रा तळहाताएवढ्या दोन ठिकाणी नाहीच, म्हणजे फोमच हल होता तिथे. त्या गॅरेजवाल्याला मनातल्या मनात काय काय बोललो ते इथे लिहिता येणार नाही.

ताई, गिअरबॉक्सचं तेल काळं आणि घट्ट निघालं! लिंकेजच धरली होती, तीन दिवस ऑइल सोडून सुटली. इंजिन अजून हटून बसलंय, रोज झुलवतोय.

एक विचारायचं होतं. इंजिन उघडतोच आहे तर १४९३ सीसीचं स्पिटफायरचं बसवू का? पाण्यात जरा जोर येईल.

---

कार्ब्युरेटर_वाली

बसतं, बऱ्याच लोकांनी १२९६ आणि १४९३ बसवलेत. रस्त्यावर, चढाला फरक कळतो. पाण्यात फारसा नाही, कारण तिथे अडतं ते इंजिनामुळे नाही, हलच्या आकारामुळे. ती पाणी कापत नाही, ढकलत नेते. ताकद दुप्पट केलीत तरी पुढे लाट मोठी होईल आणि पेट्रोल जास्त जाईल, नॉट तेवढेच. तुमचं मूळ इंजिन सुटलं आणि सिलिंडर बरे निघाले तर मी तरी तेच ठेवीन. जुनं इंजिन फेकून मात्र देऊ नका काहीही झालं तरी.

---

पत्रा_आणि_प्राइमर

फोम कणभरही ठेवू नकोस कुठे. लोकांना वाटतं फोम भरला की गाडी बुडत नाही, खरं म्हणजे तो स्पंज आहे. आणि एकवीस गोल म्हणजे फार नाहीत, माझे चाळीसच्या वर होते.

---

सहज_टपकलो

माझं मत बदललं नाहीये पण धागा सोडवत नाहीये. मधल्या काळासाठी एक किस्सा. १९६५ मध्ये दोन अ‍ॅम्फीकार इंग्लिश खाडी ओलांडून फ्रँकफर्टच्या मोटर शोला गेल्या होत्या, वाटेत चांगलंच वादळी वारं लागलं. आणि त्याच्याही आधी बेन कार्लिन नावाच्या ऑस्ट्रेलियन माणसाने दुसऱ्या महायुद्धातल्या फोर्डच्या पाण्यातल्या जीपमधून अटलांटिक ओलांडला आणि १९५८ पर्यंत जगाची फेरी पूर्ण केली. गाडीचं नाव काय ठेवलं होतं, तर "हाफ-सेफ". निम्मी सुरक्षित. उंदीरभाऊ, वहिनींना ही गोष्ट सांगू नका.

---

शेडमधला_उंदीर

चौदा महिन्यांनी परत आलोय. धागा वर काढल्याबद्दल सॉरी, पण सांगितल्याशिवाय राहवेना.

वेल्डिंग शेवटी मी निम्मं केलं आणि निम्मं एका ओळखीच्या माणसाकडून, माझे टाके बघून तो गप्प बसला म्हणजे तसे बरे असावेत. इंजिन मूळचंच आहे, नवव्या दिवशी "टक" झालं होतं. पाण्याची टेस्ट तीनदा केली, पहिल्यांदा सात रेघा, मग दोन, मग एकही नाही. सगळी सीलं नवीन. प्रोपेलर दुसरा मिळाला. आणि हो, इन्शुरन्स बायकोला दाखवला, बोट म्हणून रजिस्ट्रेशन लागतं का तेही विचारून घेतलं, लागत होतं.

परवा सकाळी सहाला गेलो, रॅम्पवर कोणी नसताना. लाइफ जॅकेट, वल्हं, नांगर, दोरी, सगळं. मागच्या हुकला दोरी बांधून मेव्हण्याच्या गाडीला अडकवली. पहिल्यांदा फक्त पुढची चाकं बुडेपर्यंत, परत वर. आत टॉर्च मारून बघितलं, कोरडं. मग अ‍ॅक्सलपर्यंत, परत वर. तिसऱ्या वेळी फर्स्ट गिअर, दुसरा दांडा पुढे, आणि हळूच सोडली.

मला वाटलं होतं ती डुबकी मारून तरंगेल, तसं नाही होत. पुढची बाजू आधी हलकी होते, स्टीअरिंग एकदम मोकळं होऊन जातं, आणि मग मागून कोणीतरी खांद्याला धरून उचलल्यासारखं वाटतं. मागची चाकं सुटली कधी ते कळलंच नाही. गिअर न्यूट्रलला घेतला. इंजिन मागे असल्यामुळे ढुंगण टेकवून बसल्यासारखी तरंगते, नाक जरा वर. दोरीला बांधून पंधरा मिनिटं तशीच ठेवली, मेव्हणा किनाऱ्यावरून "बुडतेय का?" विचारत होता दर मिनिटाला. पंप एकदाही लागला नाही म्हणून मी घाबरलो, म्हटलं पंपच बिघडलाय की काय, फ्लोट हाताने उचलून बघितला तर सुरू झाला. मग दोरी सोडली.

पुढच्या चाकांनी वळते म्हणतात, वळते, पण आधी अर्ज द्यावा लागतो. आज स्टीअरिंग फिरवा, उद्या वळेल. ब्रेक नाहीतच हे डोक्याला माहीत असतं, पायाला नसतं, मी तीनदा पेडल दाबलं. रिव्हर्स मारून थांबवायची सवय व्हायला वेळ लागेल. बाहेर येताना मात्र मजा झाली, पुढची चाकं टेकली पण मागची शेवाळावर फिरायला लागली, प्रोपेलर चालूच ठेवला म्हणून ढकलली गेली. रॅम्प चढून रस्त्यावर आल्यावर पहिल्या वळणावर ब्रेक दाबला तर काहीच नाही, ड्रम ओले! हळू चालवत पेडलवर पाय घासत नेला तेव्हा कुठे दोन-तीनशे मीटरवर पकडायला लागले. मामा खोटं बोलत नव्हता म्हणजे, निदान परतीच्या वाटेवर तरी.

पोरांना पुढच्या रविवारी नेणार. बायको पण येते म्हणाली, किनाऱ्यावर बसणार म्हणे.

बारा ठिकाणी ग्रीस मारून झालंय. आजोबा, ते तेरावं, मागच्या सीटखालचं, सीट न काढता लांब होस लावून जमत नाही का काही?

---

बिल्ज_आजोबा

नाही.